शेंडा हिरवा आहे ना?

मित्रांनो, टमाटरला आपल्या नागपूरकडे काही घरांत अजूनही ‘भेद्रं’ म्हणतात. थंडीत कुंडीतसुद्धा ती छान लागतात. पण एखाद्या दिवशी खालच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसू लागतात. नीट बघा. ठिपक्यात एकात एक गोल कडी असतात, कापलेल्या ओंडक्यावर असतात ना, तशी! मग पान पिवळं पडतं नि गळतं. हा करपा रोग. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, “उपटून टाक ते झाड!”

थांबा! आधी शेंडा बघा.

हा करपा आल्टरनेरिया नावाच्या बुरशीमुळे होतो. जुन्या झाडाच्या वाळक्या पानांबरोबर ती मातीत दडून राहते. आपण वरून धो-धो पाणी ओततो, मातीचे शिंतोडे उडतात आणि बुरशीचे बीजाणू खालच्या पानांना चिकटतात. पान काही तास ओलं राहिलं की ते रुजतात. म्हणून हा रोग बहुधा खालून वर चढतो. जून पानं आधी बळी पडतात, कोवळी जास्त तग धरतात. म्हणजे शेंडा हिरवा असेल, तर झाड अजून वाचू शकतं.

मग करायचं काय? पानं कोरडी असताना रोगट पानं कात्रीनं कापा. ती खताच्या खड्ड्यात टाकू नका. कात्री नि हात साबणानं धुवा. झाडाला काठीचा आधार द्या. मातीवर वाळलेल्या गवताचा थर पसरा, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. पाणी सकाळी, बुंध्याशीच घाला. आणि पुढच्या वर्षी त्याच मातीत टमाटर, वांगी, मिरची, बटाटा लावू नका. ही सगळी एकाच कुळातली!

पण एक करपा फार दुष्ट असतो. गार, दमट, ढगाळ हवेत पानांवर पाणी मुरल्यासारखे काळपट डाग पडतात आणि काही दिवसांत अख्खं झाड कुजतं. त्याचं कारण फायटोफ्थोरा. असं झाड मात्र लगेच उपटून पिशवीत बांधून टाका, नाहीतर शेजारची झाडंही जातील. १८४५ पासून याच रोगानं आयर्लंडमधला बटाटा नासला. गरिबांचं पोट बटाट्यावरच चालायचं. पुढच्या काही वर्षांत भूक नि साथींनी सुमारे १० लाख माणसं दगावली.

या फायटोफ्थोराची भावंडं आपल्या संत्र्यालाही सोडत नाहीत. त्यांच्यामुळे खोडातून डिंक गळतो. काटोलकडे गेलात तर संत्र्याच्या बागांत निळसर-पांढरी रंगवलेली खोडं दिसतील. ती शोभेसाठी नाहीत बरं का! मोरचूद नि चुना कालवून केलेला तो बोर्डो मलम असतो.

तर या रविवारी कुंडीपाशी बसा. डाग असलेली पानं मोजा, वहीत लिहा. पुढच्या रविवारी पुन्हा मोजा. आकडा वाढला नाही, तर समजा, तुमचं झाड जिंकतंय!