राज्यगीतातलं भीमथडी तट्टू खेळण्यात का दिसत नाही?

‘गर्जा महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झालं. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. थडी म्हणजे नदीचा काठ. सोलापूरजवळचं होटगी ज्या दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं, त्याची दक्षिण सीमा भीमाच आहे. पण हे तट्टू दिसतं कसं? दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांसोबत घोडेस्वारही असतो. त्याचा घोडा मात्र कुठल्याही जातीचा असू शकतो.

भीमथडी म्हणजे नेमका कोणता घोडा?

लहान चणीचा, काटक, दख्खनच्या डोंगराळ वाटांवर टिकणारा. मराठा घोडदळात त्याचं नाव गाजलं. १८१८ मध्ये पेशवाई संपली, फौजा मोडल्या आणि मागणी आटली. तो टिकला तो मुख्यतः मेंढपाळ धनगरांमुळे. त्यांच्या भटकंतीत संसार वाहून नेतो तो हाच घोडा.

मग मॉडेल का नाही?

अमेरिकेतली ब्रेयर कंपनी १९५० पासून घोड्यांची मॉडेल बनवते. तिची संग्राहकांत लोकप्रिय असलेली मॉडेल खऱ्या घोड्याच्या साधारण एक-नवमांश आकाराची असतात. त्यांत जात ओळखू येणं महत्त्वाचं. मारवाडी घोडा आत वळलेल्या कानांवरून लगेच कळतो. भीमथडीला अशी ठळक खूण नाही, म्हणून बांध्याचं अचूक वर्णन लागतं. २००९ मध्ये टपाल खात्याने देशी घोड्यांवर चार तिकिटं काढली: मारवाडी, काठियावाडी, झंस्कारी, मणिपुरी. भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली ती २०२४ च्या सुमारास. त्यामुळे साच्यासाठी लागणारा आधार आता आहे.

मॉडेलमुळे घोडा वाचतो का?

एकट्या मॉडेलने नाही. अमेरिकेतल्या चिंकोटीग बेटावरच्या ‘मिस्टी’ या तट्टाणीवर १९४७ मध्ये मुलांचं पुस्तक आलं, १९७२ मध्ये ब्रेयरने तिचं मॉडेल काढलं. पण त्या तट्टांचा कळप स्थानिक अग्निशमन दल सांभाळतं. दर जुलैत शिंगरांचा लिलाव होतो, पैसा दलाला मिळतो. म्हणजे घोडा राखणाऱ्यालाच उत्पन्न मिळतं.

भीमथडी राखणाऱ्या धनगरांची चराऊ रानं कमी होत आहेत. सामान टेम्पोतून जाऊ लागलं की घोडा पोसायचं कारणच उरत नाही. मातीचं भीमथडी तट्टू किल्ल्यावर आलं तर मुलांना ते ओळखता येईल. पण विक्रीतला वाटा धनगराच्या वाड्यापर्यंत पोचला, तरच जिवंत तट्टूही राहील.