सैन्य मोडणारीचं नाव



'लिसिस्ट्राटा' हे नाव आपल्यापैकी अनेक जणींनी ऐकलं असेल, आणि बहुधा चेष्टेच्या सुरात. नवऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही असा संप घडवून आणणारी ग्रीक बाई, एवढीच तिची ओळख शिल्लक राहिली आहे. जगात कुठेही बायका युद्धाविरुद्ध एकत्र आल्या की वर्तमानपत्रांना हे नाव आठवतं, आणि पाठोपाठ डोळा मिचकावणारा मथळा येतो. म्हणून या वेळी या नावाकडेच जरा नीट बघू.

ग्रीक भाषेत 'लिसिस' म्हणजे सोडवणं, मोकळं करणं आणि 'स्त्रातोस' म्हणजे सैन्य. सैन्यं मोडून शिपायांना घरी पाठवणारी, असा या नावाचा अर्थ. ॲरिस्टोफेनिसने इ.स.पू. ४११ मध्ये आपल्या सुखात्मिकेच्या नायिकेला ते दिलं, तेव्हा अथेन्स-स्पार्टा युद्धाला वीस वर्षं झाली होती. दोनच वर्षांपूर्वी सिसिलीच्या मोहिमेत अथेन्सचं आरमार आणि हजारो माणसं नष्ट झाली होती. प्रेक्षकांत घरातलं कुणी ना कुणी गमावलेले लोक बसलेले असणार.

नाटकात बायका दोन गोष्टी करतात. तरुण बायका नवऱ्यांशी असहकाराची शपथ घेतात. त्याच वेळी म्हाताऱ्या बायका ॲक्रोपोलिसचा गड ताब्यात घेतात, कारण शहराचा खजिना तिथे आहे आणि पैशाशिवाय युद्ध चालत नाही. वल्ह्यांच्या लाकडासाठी पैसे न्यायला आलेल्या अधिकाऱ्याला लिसिस्ट्राटा अडवते. घरचा जमाखर्च आम्हीच बघतो, आता शहराचाही बघू, असा तिचा रोखठोक युक्तिवाद आहे. पुढे शपथ किती जणींना जड जाते यावर नाटकात भरपूर विनोद आहेत. पण गड मात्र सुटत नाही. तरी लोकांच्या लक्षात राहिला तो बिछाना. खजिन्याच्या दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांवर तसले विनोद करता येत नाहीत, हे त्याचं एक कारण असावं.

आता नावाची दुसरी बाजू. अथेन्समध्ये घरंदाज बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं नसे. थ्युसिडिडिसने नोंदवलेल्या भाषणात पेरिक्लिस युद्धात विधवा झालेल्या बायकांना सांगतो की पुरुषांमध्ये जिची चर्चा सर्वांत कमी, मग ती स्तुती असो की निंदा, तिचाच लौकिक मोठा. न्यायालयात वकिली भाषणं करणारे आपल्याकडच्या जिवंत बायकांचा उल्लेख अमक्याची मुलगी, तमक्याची बायको असा करत. नाव घेतलं जाई ते वेश्याव्यवसायातल्या बाईचं, मेलेलीचं, किंवा प्रतिपक्षाच्या घरातल्या बाईचं, म्हणजे तिची अप्रतिष्ठा व्हावी म्हणून. थोर वक्ता डेमॉस्थेनिसने बापाची मालमत्ता गिळणाऱ्या पालकांवर खटला भरला. त्या भाषणांत आईची हकीगत आहे, नाव नाही. क्लिओबुले हे तिचं नाव आपल्याला नंतरच्या लेखकांकडून कळतं. त्याचा अर्थ, जिच्या सल्ल्याची कीर्ती आहे ती! ('आमची मंडळी', 'आमचं कुटुंब' म्हणणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या आपल्याला यात फार नवल वाटू नये.)

या पार्श्वभूमीवर नाटक पुन्हा वाचलं की एक गोष्ट जाणवते. बायका एकमेकींना नावाने हाका मारतात, पण पुरुषांच्या तोंडी लिसिस्ट्राटाचं नाव येतं ते अगदी शेवटाकडे, दोन्हीकडचे पुरुष जेरीस येऊन तहासाठी तिला शोधू लागतात तेव्हा.

नावाने ओळखली जाणारी प्रतिष्ठित बाई अथेन्समध्ये होती, ती देवीची पुजारीण. ॲक्रोपोलिसवरच्या अथेनाची पुजारीण लिसिमाखे हिने ६४ वर्षं हे पद सांभाळलं आणि तिचा पुतळाही उभारला गेला. तिच्या नावाचा अर्थ लढाई मोडणारी. नाटक झालं तेव्हा तीच पदावर असावी आणि नायिकेच्या नावात तिच्याकडे बोट दाखवलेलं असावं, असं अभ्यासक डी. एम. लुईस यांनी १९५५ मध्ये मांडलं. हा तर्क आहे, पण पटण्यासारखा. गड ही तर तिची रोजची कामाची जागा.

एवढ्यावरून ॲरिस्टोफेनिसला आपला मानायची घाई नको. ही भूमिका पुरुष नटानेच केली. शेवटी 'सलोखा' नावाची एक मुकी, उघडी मुलगी रंगमंचावर आणतात आणि तिच्या अवयवांवर बोट ठेवत पुरुष आपापसांत मुलूख वाटून घेतात. सलोखा बाईच्या रूपात येतो, पण तिला एक वाक्य नाही. तह होतो, बायका नवऱ्यांबरोबर घरी जातात. खजिना कुणाच्या हाती राहिला याची वाच्यताही नाही.

ही वाटणी जुनी झालेली नाही. २००३ मध्ये लायबेरियात यादवी युद्ध चालू असताना ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून मन्रोव्हियात मासळीबाजाराजवळच्या मैदानावर उन्हापावसात रोज बसल्या. आक्रामधल्या वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्यांनी सभागृहाची दारं अडवली आणि निर्णय होईपर्यंत कुणाला बाहेर पडू द्यायचं नाही असं ठरवलं. ऑगस्टमध्ये करार झाला. त्यांची नेती लेमा बोवी हिला २०११ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. या बायकांनी शरीरसंबंधांचा संपही केला होता. त्याचा प्रत्यक्ष परिणाम फारसा झाला नाही, प्रसिद्धी मात्र भरपूर मिळाली, असं बोवीने स्वतःच आपल्या आत्मकथनात लिहिलं आहे. वर्षं लोटली तरी पत्रकार तिला आधी त्याबद्दलच विचारत होते.