जांभ्याला चुन्याचे पांघरूण हवे

आपल्या लांज्याच्या सड्यावरचा जांभ्याचा एक सुका तुकडा तराजूत तोला. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी पुन्हा तोला. वजन वाढलेले आढळेल. जांभा सच्छिद्र असतो. त्याच्या बारीक छिद्रांत केशाकर्षणाने पाणी शिरते.

जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्च याच दगडाचे आहे. ते १६०५ साली पूर्ण झाले. त्याच्या बाहेरील भिंतींवरचा चुन्याचा गिलावा १९५० नंतरच्या दशकात काढून टाकण्यात आला. तेव्हापासून उघडा जांभा पावसात भिजतो, उन्हात वाळतो आणि झिजतो.

तांबडा दगड हीच या चर्चची ओळख, ती जपावी, असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. सुमारे साडेतीनशे वर्षे या भिंती झाकलेल्या होत्या. गिलावा पुन्हा चढवावा. मात्र तो चुन्याचाच. चुना ओलावा बाहेर पडू देतो. सिमेंटचा घट्ट थर तो आत कोंडून ठेवतो. झिजलेला गिलावा पुन्हा लावता येतो, झिजलेला मूळ चिरा परत मिळत नाही.

तुमच्या गावातील जुन्या देवळाला सिमेंट फासायचे ठरले, तर मोठ्या माणसांना हा प्रयोग जरूर करून दाखवा.