ठोके कधी थांबले?

बाळ पोटातच दगावलं की कारणाच्या रकान्यात बहुधा आईच येते: रक्त कमी, बीपी वाढलेला, तपासणीला उशिरा आली. कळमनुरी तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांवरची बाई असेल, तर पुढे कुणी काही विचारतही नाही. यातलं काही खोटं नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या ४५.७ टक्के गरोदर बायांना रक्तक्षय होता. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, सिफिलिस, पोटात न वाढणारं बाळ यांनीही धोका वाढतो. पण धोका होता म्हणून मृत्यूचा उलगडा होत नाही. त्याच पाहणीत ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्या होत्या. तेव्हा आधी विचारायला हवं ते हे, की बाळ दवाखान्याच्या दारात येण्याआधी गेलं की आत आल्यावर?

जगात २०१९ साली सुमारे २० लाख बाळं मृत जन्मली. त्यांतली ४० टक्क्यांहून अधिक कळा सुरू झाल्यावर गेली. एकूण मृतजन्मांत सर्वाधिक, सुमारे ३.४ लाख, भारतातले. कळांत जाणारं बाळ अनेकदा दिवस भरलेलं, काही तासांपूर्वी जिवंत असलेलं असतं. बाई अडते, वार आधीच सुटते, आणि ते वेळीच कुणाच्या ध्यानात येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, कळांच्या पहिल्या टप्प्यात दर अर्ध्या तासाने आणि बाई जोर देऊ लागली की दर पाच मिनिटांनी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐका. रात्रपाळीची एकटी सिस्टर तीन खाटा सांभाळत असेल, तर हे कसं जमावं? हा दोष त्या सिस्टरचा नव्हे, तिला एकटीला ठेवणाऱ्यांचा आहे.

डॉक्टर म्हणतील, आमच्याकडे केस बिघडूनच येते. बरोबर, कळमनुरीहून हिंगोली, तिथून नांदेड असा फेरा पडला, तर शेवटच्या रुग्णालयावर खापर फोडणं अन्यायच. म्हणूनच दाखल करताना ठोके होते का, हे वेळेसह लिहावं. नव्हते, तर चौकशी उपकेंद्राची, गाडीची, रेफर करण्यात गेलेल्या वेळेची. होते, तर लेबर रूमची. नोंदीमुळे नातेवाईक अंगावर येतील ही भीतीही खरी आहे, पण मातामृत्यूंची चौकशी दोषारोप न करता करण्याची पद्धत आपल्याकडे ठरलेली आहे; तीच इथे लावावी. मृतजन्माची नोंद तर १९६९च्या कायद्याने सक्तीचीच आहे. दाखल होतानाच्या ठोक्यांचा रकाना रुग्णालयाला आपल्या रजिस्टरात उद्यापासून आखता येईल.