मुकादम कुणाला काढत नाही

मी गोदी कामगार. कविता करतो. शिक्षण दहावी, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत मॅट्रिक. मी प्राध्यापकांच्या स्वातंत्र्यावर बोलतोय म्हटल्यावर पुण्यातले शहाणे हसणार. हसा. पण हजेरी म्हणजे काय ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

कंत्राटी टोळीत मुकादम कुणाला कामावरून काढत नाही. सकाळी तो नावं पुकारतो. काल ज्यानं तोंड उघडलं त्याचं नाव पुकारत नाही. बस्स. नोटीस नाही, चौकशी नाही. भांडणार कुणाशी? तुला काढलंय कुणी?

माझा थोरला भाऊ पुण्यात ताडीवाला रोडच्या वस्तीत राहतो. इतिहासात एम.ए., सेट, वर पीएच.डी. आईनं धुणीभांडी करून शिकवला. एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर शिकवायचा. ‘तत्त्व’ ऐकून मला वाटलं, काहीतरी थोर असणार. थोर कसलं! तास घेतला तर पैसे, नाहीतर बोंबला. पेपर तपासले, मीटिंगला बसला, ते फुकट. उन्हाळ्यात चूल बंद. दरवर्षी पुन्हा मुलाखत. मी दिवसाच्या हजेरीवर, दादा तासाच्या. सांगा, हमाल कोण?

मार्च २०२०. टाळेबंदी आली. वस्तीला पत्रे ठोकले. दहा बाय दहाची खोली, सहा माणसं. दादा मोरीत उभा राहून मोबाईलवर शिकवायचा. रिचार्ज त्याच्याच खिशातून. गोदी चालू होती. मी मुंबईहून घरी पैसे धाडत होतो. दहावी पास भाऊ पीएच.डी. भावाला पोसत होता. कॉलेजनं चार महिने दमडी दिली नाही. कायम प्राध्यापकांचा पगार मागेपुढे झाला, पण आला.

तशात एकदा दादानं १८९७ चा प्लेग शिकवला. रँडचे सोल्जर घराघरांत घुसत होते ते सांगितलं. मग पोरांना विचारलं, आज पत्रे कुणाच्या गल्लीला आहेत? हायवेनं पायी गावाकडं कोण निघालंय? संध्याकाळी फोन आला : सर, अभ्यासक्रमापुरतं बोला, तास रेकॉर्ड होतोय. पुढल्या वर्षी दादाचं नाव पुकारलंच नाही. त्याला काढलंय कुणी?

आता त्याच प्लेगमधला एक प्रोफेसर बघा. फर्ग्युसनचे गोखले १८९७ साली विलायतेत होते. सोल्जरांच्या अत्याचाराबद्दल तिथल्या पेपरात बोलले. परत आल्यावर पुरावा देता येईना, जाहीर माफी मागावी लागली. नाचक्की झाली, पण खुर्ची शाबूत राहिली. ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होते. १९०२ पर्यंत तिथंच राहिले. माफी मागूनही ज्याची भाकरी जात नाही तो उद्या पुन्हा बोलू शकतो. दादानं काय गमावलं ते मोजा.

त्याच प्लेगमध्ये सावित्रीमाईनं आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात नेलं आणि १० मार्च १८९७ ला स्वतः प्लेगनं गेली. २०१४ पासून पुण्याच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. नाव दिलं, छान झालं. पण तिचा त्याग सांगून आमच्या पोरांची मजुरी बुडवू नका. ती स्वतःच्या मनानं झिजली. तुम्ही दुसऱ्याला झिजवता आणि वर पाच सप्टेंबरला गुलाबाचं फूल देता!

आणि भीती नुसती भाकरीची नाही. पुण्यातल्या एल्गार परिषदेच्या गुन्ह्यात प्रा. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, भर साथीत, ऐन भीमजयंतीला हजर झाले. सुटले २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, जामिनावर. एवढा नावाजलेला प्राध्यापक अडीच वर्षं आत जातो, तिथं तासाच्या मास्तरानं कुणाच्या जोरावर बोलायचं?

सरकार म्हणालं, पैसा नाही. ४ मे २०२० ला वित्त विभागानं आरोग्य सोडून बाकी नवी भरती थांबवली. साथ होती, मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं सांगितलं. तासाचा मास्तर संपला का? नाही. कारण तो स्वस्त पडतो, आणि स्वस्तापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तो गप्प बसतो. युनेस्कोनं १९९७ सालीच लिहून ठेवलंय की नोकरीची शाश्वती ही शिकवण्याच्या स्वातंत्र्याची एक मोठी ढाल आहे. आपल्याकडं ढाल काढून घ्यायची आणि स्वातंत्र्यावर परिसंवाद भरवायचा. ज्याच्या हातात पोट, त्याच्या हातात जीभ. राखीव जागा भरायची नाही आणि आमच्याच पोराला त्या जागेवर तासानं राबवायचं, ही नवी वेठबिगारी आहे.

गोदीत पूर्वी रोज गेटवर माणसं निवडायचे. त्याविरुद्ध १९४८ साली कायदा झाला, नोंदणी आली, म्हाताऱ्यांना हक्काचं काम मिळालं. आता कंत्राटानं मुकादम मागच्या दारानं परत आणलाय. म्हणून सांगतो, मिळालेलंही राखावं लागतं.

कायम प्राध्यापकांनो, शेजारच्या वर्गातलं नाव गळलं तेव्हा तुम्ही कुठं होता? आणि दोस्तांनो, आपण नुसतं ‘शिका’ म्हणत राहिलो. शिकलेल्याच्या मजुरीसाठी कधी भांडलो? मंजूर जागा भरा, राखीव जागा आधी भरा. तोवर महिन्याचा पगार द्या. माणूस परत घेतला नाही तर कारण कागदावर लिहून द्या.

नाहीतर एकाचं नाव गळलं की अख्ख्या टोळीनं गेटवर बसायचं. कॉलेजलाही गेट असतंच की.