आई पडद्यावर, संस्कार वाऱ्यावर?

साने गुरुजींनी नाशिकच्या कारागृहात १९३३ साली लिहिलेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' २०२३ मध्ये पुन्हा पडद्यावर आली. सुजय डहाके यांनी हा चित्रपट हेतुतः कृष्णधवल ठेवला. ओम भूतकर यांनी गुरुजी साकारले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. तरीही दोन आक्षेप ऐकू येतातच. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या सुवर्णपदक विजेत्या चित्रपटानंतर नव्याची गरज काय, हा पहिला. ही सोशिक, देवभोळी आई आजच्या काळात हवीच कशाला, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. कीर्तनकार तेच आख्यान दर पिढीला नव्याने सांगतो, म्हणून ते जिवंत राहते. दुसरा आक्षेप मात्र अज्ञानातून आला आहे. पोहण्यास भिणाऱ्या लेकराला फोकाने मारून विहिरीवर धाडणारी, दारात येऊन अपमान करणाऱ्या सावकाराच्या माणसाला सुनावणारी ही माता दुबळी कशी? महाड-पोलादपूरच्या मातीला तरी हे वेगळे सांगावे लागू नये. जिजाऊंची समाधी याच महाड तालुक्यातील पाचाडला आहे आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात. गडावरील पराक्रमाचे मूळ आईच्या मांडीवर असते, हे या भूमीने पाहिले आहे.

खरा अन्याय निराळाच आहे. तथाकथित पुरोगाम्यांना गुरुजींची मानवसेवा हवी असते. त्या सेवेचा उगम असलेली आईची ईश्वरनिष्ठा मात्र नको असते. झाडाचे फळ घ्यायचे आणि मुळावर कुऱ्हाड घालायची, असा हा प्रकार. १९४७ च्या मे महिन्यात गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावले, ते विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून. देवाचे दार सर्वांसाठी उघडावे, यासाठी ते उपोषण होते. देव नाकारण्यासाठी नव्हे.

परंतु आरसा केवळ विरोधकांपुढे धरून भागणार नाही. 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात श्यामची आई वृद्ध महार स्त्रीची मोळी उचलून देण्यास मुलाला सांगते. गुरुजींचे पालगड महाडच्या दक्षिणेस, डोंगरांपलीकडे दापोली तालुक्यात आहे. तेथील एका निर्धन घरातील स्त्रीला जे उमगले, ते महाडच्या अनेक धर्माभिमान्यांना उमगले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा सत्याग्रहींवर लाठ्या चालल्या आणि नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण'ही झाले. तो धर्म नव्हता, धर्माची विटंबना होती. 'श्यामची आई' आपली आहे असे म्हणणाऱ्या प्रत्येक हिंदूला ही लाज स्वतःची मानावीच लागेल. त्यावाचून समरसतेचा उच्चार पोकळ ठरतो.

आज या दोन तालुक्यांतील असंख्य घरांत पिता मुंबईला चाकरमानी असतो आणि लेकरांचे संगोपन एकटी आई करते. तिच्या हाती श्यामच्या आईसारखाच रिकामा डबा आणि भरलेले मन असते. मात्र तिच्या गोष्टीची वेळ मोबाइलने गिळली आहे. चित्रपटाला पुरस्कार मिळाल्याचा आनंद साजरा करून आपले कर्तव्य संपत नाही. गावोगावच्या मंदिरांच्या सभामंडपात, शाळांच्या पटांगणात हा चित्रपट दाखवावा. तेथे सर्व वाड्या-वस्त्यांतील मुले एका सतरंजीवर बसावीत आणि नंतर एका पंगतीत जेवावीत. दुसऱ्या दिवसापासून पुस्तकाची एकेक रात्र घराघरांत वाचली जावी.

आईसाठी पडद्यासमोर अश्रू ढाळणे सोपे आहे. तिने सांगितलेली मोळी उचलणे अवघड. हिंदू समाजाची परीक्षा त्या मोळीपाशी आहे.