बयाणा देण्यापूर्वी

देवगाव फाट्याच्या एका वाचक बांधवाचे पत्र गेल्या महिन्यात आले. 'सप्रेम जयभीम' लिहून दुसऱ्याच ओळीत त्यांनी मुद्द्याला हात घातला होता. घरात आईचे दुखणे आहे, दर पंधरवड्याला परभणीला न्यावे लागते. एस.टी.ची गर्दी तिला सोसत नाही आणि जीपवाला मागेल ते भाडे द्यावे लागते. म्हणून एक जुनी छोटी गाडी पाहिली आहे, २०१२ ची, किंमत एक लाख तीस हजार. दलालाला पाच हजार बयाणा देऊन बसलो आहे. घ्यावी की न घ्यावी, ते कळवावे.

पत्रावरून गाडी कशी कळणार? आमच्या माहितीतले एक मिस्त्री आहेत, तीस वर्षे गॅरेजात घातलेला माणूस. त्यांना सोबत घेऊन एका रविवारी आम्हीच गेलो. बांधव गवंडीकाम करतात. एक लाख तीस हजारांतले चाळीस हजार वहिनींनी बचत गटातून उचलायचे ठरले होते, आणि बाकीचे मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले. हे ऐकल्यावर आमच्या पोटात गोळाच आला. एवढे पैसे चुकीच्या गाडीत गेले तर मुलीचे एक वर्ष जाणार, आणि आईला पुन्हा जीपच बघावी लागणार.

दलालाने गाडी फाट्यावरच्या हॉटेलापुढे आणून उभी केली होती. धुऊन-पुसून, टायरला काळे पॉलिश मारून. मिस्त्रींनी गाडीकडे न पाहता आधी बोनेटवर तळहात ठेवला. बोनेट गरम होते. "चहा घेऊ," ते म्हणाले, आणि आम्ही चांगले दीड तास बसलो. दलालाची चुळबुळ चालली होती. यात गोम अशी, की इंजिनाची खरी तब्येत थंड असतानाच कळते. तापलेले इंजिन बहुतेक आजार झाकून टाकते. म्हणून गाडी पाहायची तर सकाळी पाहावी, आणि 'चालू करून ठेवू नका' असे आदल्या दिवशीच बजावून ठेवावे.

इंजिन थंड झाल्यावर मिस्त्रींनी रेडिएटरचे झाकण उघडले (गरम असताना हे कधीही करू नये, उकळते पाणी तोंडावर येते). आत गंजाळ पाणी होते. आपल्या मराठवाड्यात ही खोड फार. कूलंटऐवजी बोअरचे पाणी ओततात, त्यातले क्षार आत बसतात, आणि मे महिन्यात गाडी रस्त्यात तापून उभी राहते. मग ऑइलचे झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरवले. तिथे दुधाळ, सायीसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरत असल्याची शंका घ्यावी. इथे तो नव्हता. गाडी चालू केली आणि एकाने मागे सायलेन्सरपाशी उभे राहून धूर पाहिला. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते आहे आणि खर्च मोठा आहे. पांढरा धूर थंडीत मिनिटभर येतो ते ठीक, पण थांबतच नसेल तर पाणी जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, हे त्यातल्या त्यात सोपे दुखणे. या गाडीचा धूर बरा होता. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरवर क्लच हळूहळू सोडला, तेव्हा इंजिन दचका देऊन बंद पडले. तसे ते पडायलाच हवे. घरघरत चालू राहिले असते तर क्लच प्लेट संपली असे समजायचे. बांधवांच्या चेहऱ्यावर हसू आले. दलालाच्याही.

काटा ४८ हजार किलोमीटर दाखवत होता. पण ब्रेकच्या पॅडलचे रबर एका कडेने पार गुळगुळीत झाले होते आणि स्टीअरिंग हाताच्या घामाने चकाकत होते. काटा मागे फिरवणे हे आजकाल पाच मिनिटांचे काम आहे, पॅडलचे रबर मात्र सहसा कोणी बदलत नाही. मिस्त्री काहीच बोलले नाहीत, फक्त आमच्याकडे पाहिले.

गाडीचे खरे दुखणे मात्र मिस्त्रींच्या आधी वहिनींना कळले. त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, "भाऊ, भिजलेल्या गव्हाच्या कणगीत येतो तसा वास येतोय." दलाल हसला, गाडी कालच धुतली म्हणाला. मिस्त्रींनी पुढच्या सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला. एरवी पट्टा कोणी एवढा ओढत नाही. शेवटच्या वीतभर भागावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. मग गालिचा उचलला, तर सीटचे रूळ गंजलेले. डिकीतली स्टेपनी काढली, तर खालच्या खळग्यात कोपऱ्याकोपऱ्यात बारीक चिखल. गाडी पुरात बुडालेली होती. कुठल्या पुरात, ते दलालाने शेवटपर्यंत सांगितले नाही.

हे आम्ही मुद्दाम विस्ताराने लिहीत आहोत. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, सप्टेंबर २०२५ मध्ये आपला मराठवाडाच पाण्याखाली गेला. अशा प्रत्येक पुरात गाड्या बुडतात, आणि सगळ्याच भंगारात जात नाहीत. धुऊन, वाळवून, दूरच्या गावी विकल्या जातात. त्या चालतातही. पण आतल्या तारांचे जोड हळूहळू गंजत राहतात, आणि मग एका रात्री दिवे जातात, नाहीतर गाडी सुरूच होत नाही. आजारी माणसाला घेऊन निघायचे तर ती गाडी काय कामाची?

अपघात झालेली गाडी ओळखणे त्यामानाने सोपे. साधे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवावे. जिथे पुट्टी जाड भरलेली असेल तिथे ते धरत नाही. बोनेट आणि दारांचे बोल्ट पाहावेत. रंग उडून पान्याच्या खुणा दिसल्या तर ते खोललेले आहेत.

आता कागद. दलाल म्हणाला होता, "पुण्याच्या डॉक्टरांची गाडी, एकच मालक." आरसी हातात घेतली तर मालकाचा क्रमांक तिसरा. त्यावर बँकेचा बोजाही तसाच होता. कर्ज फिटले असेलही, पण बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवल्याशिवाय गाडी मोकळी होत नाही. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा, बोजा सारे दिसते. हे घरातली शाळकरी मुलेसुद्धा करून देतील. थकलेली ई-चलाने पाहावीत. बोनेटखाली ठोकलेला चेसिस नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर ताडावा. कर्नाटक किंवा तेलंगणा पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिकडची एनओसी आणि इकडचा रोड टॅक्स लागतो. तो खर्च मिळवून मग किंमत करावी.

२०१२ च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२७ मध्ये संपते, हेही दलालाने सांगितले नव्हते. पुढे आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचे शुल्क आले. हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेटही सक्तीची झाली आहे. ती बसवलेली नसेल तर कोण बसवणार, ते आधीच ठरवावे.

एक गोष्ट विकणाऱ्यांसाठीही. आपल्याकडे टीटी फॉर्मवर सही करून, पैसे मोजून लोक मोकळे होतात. गाडी चार हातांत फिरते आणि आरसीवर नाव पहिल्याचेच राहते. असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. गाडी कधीच विकली होती, पुढे ती हात बदलत राहिली, विमा नव्हता, आणि अपघातात एक जीव गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितले, की नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून, विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून मागावा. निदान वीस हजार रुपये नाव लागेपर्यंत हातात राखून ठेवावेत, असे आमचे मत आहे. दलाल कुरकुर करतात, करू द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओचे अधिकारपत्र घेण्याचा नियम आहे, तेही दाखवा म्हणावे.

कोणती गाडी घ्यावी, असेही पत्रात विचारले होते. जिचे सामान सेलूत किंवा जिंतूरला मिळते आणि जी तिथला मिस्त्री डोळे झाकून खोलतो, ती घ्यावी. आमच्या पिढीची मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबली, तरी तिचे बरेचसे सामान अजून मिळते. शेवरलेची विक्री देशात २०१७ अखेर बंद झाली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, चांगल्याही असतात, पण एका सुट्या भागासाठी शहरात खेटे घालायची तयारी हवी. मजुरीवर पोट असलेल्या माणसाला तेवढे दिवस बुडवणे परवडत नाही.

बयाण्याचे पाच हजार परत द्यायला दलाल तयार नव्हता. पावती दिलेली नव्हती. मिस्त्रींनी तो गाळाचा पट्टा पुन्हा एकदा सगळ्या हॉटेलापुढे ओढून दाखवला, तेव्हा तीन हजार निघाले. दोन हजार गेले ते गेलेच. वहिनी म्हणाल्या, "दोन हजारांत सुटलो."

परवा बांधवांचा फोन आला होता. सेलूत एका निवृत्त कर्मचाऱ्याची गाडी आहे, परभणी पासिंग, २०१६ ची, किंमत थोडी चढी आहे. रविवारी सकाळी सातला पाहायला जाणार आहेत. गाडी चालू करून ठेवू नका, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे, आणि वहिनी सोबत आहेत.